वनौषधींची ओळख पटविणारे कर्नल कीर्तिकर

त्र्यंबक-अंजनेरीच्या डोंगरांतून आणलेल्या वनस्पतीचा अर्क नाशिकच्या प्रयोगशाळेत तपासायचा, तर पहिला प्रश्न तिच्या गुणाचा नसून ओळखीचा असतो. शंखपुष्पी या एकाच नावाने निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. ब्राह्मी म्हणून कुणी जलब्राह्मी देतो, तर कुणी मंडूकपर्णी. ओळख चुकली की पुढची सारी मेहनत वाया जाते. ही ओळख पक्की करताना अभ्यासक आजही ज्या ग्रंथाकडे वळतात, त्याचे एक कर्ते म्हणजे लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

१८४९ साली जन्मलेले कीर्तिकर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि दुसऱ्या अफगाण युद्धातही त्यांनी सेवा बजावली. पेशा शल्यवैद्याचा, पण ओढा वनस्पतींचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांनी प्रदीर्घ लेखमाला लिहिली. औषध आणि विष यांतले अंतर अनेकदा मात्रेचेच असते, हे जाणणाऱ्या वैद्याने आधी विषाकडे वळावे, यात नवल नाही. शिवाय ते कवीही होते. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

मेजर बामनदास बसू यांच्यासमवेत त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध केला. हजारांहून अधिक चित्रपटांचा हा ग्रंथ अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयाने १९१८ साली प्रसिद्ध केला. तो हाती घेण्याचे भाग्य मात्र कीर्तिकरांना लाभले नाही. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या काळी आजच्या चाचण्या नव्हत्या. आता अर्काने विशिष्ट द्रावाचा जांभळा रंग पिवळा पडला, की अँटिऑक्सिडंट गुणाचा पुरावा मिळतो. कर्करोगाच्या पेशींवर अर्क टाकून किती पेशी तगल्या, हेही मोजता येते. अर्थात, बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे रोग्यासाठी औषध सापडले असे नव्हे. त्यासाठी पुढे प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्यांची लांब वाट असते, आणि बहुतेक अर्क त्या वाटेवरच थांबतात.

ब्लॅटर, कायस आणि म्हसकर यांनी सुधारलेली ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३५ च्या सुमारास निघाली. प्रबंधांच्या संदर्भसूचीत 'कीर्तिकर आणि बसू' ही जोडी भेटते, ती बहुधा या आवृत्तीतून. ग्रंथ न उघडताच ती उतरवून घेणारेही काही असतात.