संगीतसूर्य केशवराव भोसले

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात नाटकमंडळ्यांची मोठी चलती होती. या मंडळ्या बिऱ्हाडबाजले घेऊन गावोगाव फिरत. नटांचे राहणे, जेवणखाण, तालमी सारे एकत्रच असे. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर क्वचितच येत. म्हणून देखण्या आणि गोड गळ्याच्या मुलांना स्त्रीभूमिका देण्याचा प्रघात होता. अशी मुले पुष्कळदा गरीब घरांतून येत आणि अक्षरओळख पुरती होण्यापूर्वीच त्यांच्या तोंडी नाटकातील पदे बसत.

केशवराव भोसले हे अशांपैकीच एक. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ हे नाटक तेव्हा फार गाजत होते. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवितो, अशी त्याची कथा आहे. त्यातील शारदेची भूमिका केशवरावांकडे आली. शारदेच्याच वयाचा हा मुलगा आपल्या तीव्र व सुरेल आवाजात तिचे दुःख गाऊ लागला, की प्रेक्षकांना गहिवरून येई. लवकरच केशवरावांचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे ती मंडळी सोडून १९०८ साली त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या वयात मुले वडिलांकडे शाळेच्या फीसाठी हात पसरतात, त्या वयात या मुलाने अनेक माणसांच्या पोटापाण्याचा भार अंगावर घेतला. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम त्यांना लाभली. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकातील त्यांची मृणालिनी लोकांना फार आवडली. मामा वरेरकरांची नवी नाटकेही त्यांनी रंगभूमीवर आणली. नाटक नीटनेटके दिसावे, रंगमंचाला शोभा यावी, याकडे त्यांचे फार लक्ष असे. दर्शनी भागी मखमलीचा पडदा लावण्याची हौस त्यांचीच.

त्याच काळात दुसरे एक नाव महाराष्ट्रभर दुमदुमत होते. ते नाव नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व यांचे. बालगंधर्व केशवरावांहून दोन वर्षांनी मोठे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचा लोभ या दोघांवरही होता. मात्र दोघांच्या गाण्याची जात अगदी निराळी. बालगंधर्वांचा स्वर मृदू, मधुर, लडिवाळ. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोहोचणारा. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवरावांची ललितकलादर्श या दोन्ही मंडळ्यांची पोटे एकाच प्रेक्षकवर्गावर भरत. साहजिकच गावोगाव दोघांच्या चाहत्यांचे तट पडले. खुद्द नटांपेक्षा हे चाहतेच अधिक हिरिरीने भांडत.

१९२१ साली या दोन तटांना अचंबा वाटावा अशी वार्ता आली. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली टिळक स्वराज्य फंड उभारला जात होता. या फंडाच्या मदतीसाठी केशवराव आणि बालगंधर्व यांनी एकाच नाटकात एकत्र काम करण्याचे ठरले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’. त्यात भामिनी ही धनिकाची मानी कन्या, आणि धैर्यधर हा गरीब पण शूर सेनापती. धनाच्या गर्वाने भामिनी त्याला नाकारते, आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याचे शौर्य जवळून पाहिल्यावर तिचा गर्व गळून जातो. बालगंधर्व भामिनी होणार होते आणि केशवराव धैर्यधर.

यात धोका लहान नव्हता. बालगंधर्वांची भामिनी १९११ पासून महाराष्ट्राच्या मनात ठसलेली होती. नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली असतानाही ते रंगभूमीवर उभे राहिले होते. अशा भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहायचे ते केशवरावांनी, ज्यांची कीर्ती मुख्यतः स्त्रीभूमिकांवर उभी होती! ते फिके पडले असते, तर त्यांच्या मंडळीच्या नावाला धक्का बसला असता. उलट, बालगंधर्वांनाही इतक्या तोलाचा नायक समोर घेऊन गाण्याचा प्रसंग सहसा येत नसे. दोघांनाही आपापले नाव जपून घरी बसता आले असते. तसे त्यांनी केले नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात हा ‘संयुक्त मानापमान’ झाला. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट असूनही नाट्यगृह भरून गेले. ज्याला लोक नायिकेच्या वेषात ओळखत होते, तो नट आज सेनापतीच्या ऐटीत उभा होता आणि तलवारीच्या पात्यासारखी लखलखती तान घेत होता. तिकडून बालगंधर्वांचा स्वर तितक्याच शांतपणे त्याला उत्तर देत होता. या प्रयोगाने फंडाला हजारो रुपये मिळाले. त्या रात्री कोणाचे गाणे सरस झाले, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालले. वाद घालणाऱ्यांना त्यात आनंद मिळाला असेल. पण त्या दोघांनी लगेच ‘सौभद्र’ नाटकाचाही संयुक्त प्रयोग केला, यावरून त्यांच्या मनात काय होते ते दिसून येते. ‘सौभद्रा’त केशवराव अर्जुन होते आणि बालगंधर्व सुभद्रा.

हा स्नेह फुलण्यास मात्र काळाने अवसर दिला नाही. तीन महिने पुरे होण्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. बालगंधर्व पुढे शेहेचाळीस वर्षे जगले.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानाशेजारी बांधलेल्या नाट्यगृहाला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ललितकलादर्श मात्र केशवरावांच्या मागे बंद पडली नाही. त्यांचे सहकारी बापूराव पेंढारकर यांनी तिची धुरा उचलली आणि १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नवे नाटक तिच्या रंगमंचावर आणले. बापूरावांच्या पश्चात त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी मंडळीचे नाव चालू ठेवले.