रेव्हरंड ना. वा. टिळक : धर्मांतर आणि आशेची घडण

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा १८९५ या एका वर्षापाशी येऊन थांबते. बाप्तिस्मा झाला आणि अस्वस्थ कवीला शांती लाभली, असा सोपा निष्कर्ष त्यातून निघतो. त्यांच्या चरित्राचा क्रम मात्र वेगळेच सांगतो. टिळकांना ख्रिस्ताठायी सापडलेली आशा ही एका दिवसाची प्राप्ती नव्हती; विरह, दारिद्र्य आणि आत्मपरीक्षण यांतून ती चोवीस वर्षे घडत राहिली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपल्यावर ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. विवाहानंतरही त्यांचे पाय एका ठिकाणी ठरले नाहीत. या भटकंतीमागे जीविकेची विवंचना होती, तशीच एक खोल निराशाही होती. जातिभेदाने दुभंगलेल्या समाजाला जोडू शकेल असा धर्म त्यांना हवा होता. तो दिसेना, तेव्हा बंधुभावावर उभ्या असलेल्या नव्या धर्माची तत्त्वेही त्यांनी मनाशी जुळवून पाहिली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. ज्या धर्माची ते कल्पना करीत होते, त्याचा गाभा त्यांना तेथे आढळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या आशेची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पतिपत्नींचा वियोग सुमारे चार-पाच वर्षे टिकला. एकाला लाभलेला प्रकाश दुसऱ्याच्या घरात अंधार करून गेला, ही वस्तुस्थिती टिळकांचा गौरव करतानाही दृष्टीआड करता येत नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पतीकडे आल्या. सोवळ्याओवळ्याची बंधने त्यांच्या मनातून क्रमाने गळून पडली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय पतीच्या आज्ञेचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या विचारातून आला होता. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या संपूर्ण कालखंडाचा आलेख त्यांनी कटुतेवाचून रेखाटला आहे.

अहमदनगरात टिळकांच्या श्रद्धेला मराठी रूप आले. भाषांतरित गीते आणि परकी चालीरीती यांनी देशी ख्रिस्ती माणूस आपल्याच मातीत उपरा होतो, हे त्यांना जाणवले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच अभंग, भजन आणि कीर्तन ही संतपरंपरेची माध्यमे त्यांनी उपासनेत आणली. ‘ज्ञानोदया’च्या संपादनातही हीच दृष्टी होती. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांनी आरंभिले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या धर्मांतराने हे दांपत्य एकदा दुरावले होते, त्याच श्रद्धेच्या काव्यात दोघांची लेखणी एकत्र आली.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचा आधार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. तरुणपणी कल्पिलेला बंधुभावाचा धर्म ते आता प्रत्यक्षात आणू पाहत होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा हे कार्य बाल्यावस्थेतच होते.

टिळकांच्या आशेचे स्वरूप येथे स्पष्ट होते. तिने त्यांना स्वस्थता दिली नाही. स्थिर वेतनाचा आधारही तिच्यापायी सुटला. पूर्वी ते निराशेने भटकत होते, नंतर श्रद्धेने चालत राहिले. त्यांच्या धार्मिक कवितेचा अभ्यास करताना हा भेद ध्यानी घेतला, तर तिच्यातील आर्तता आणि प्रसन्नता यांचे एकाच ठिकाणी नांदणे विसंगत वाटत नाही.