विल्यम लायन मॅकेन्झी : टोरांटोचे पहिले महापौर

विद्यार्थी मित्रहो, चरित्रनायकाच्या आयुष्यात एखादी घटना इतकी ठळक असते की, तिच्या छायेत त्याचे उर्वरित कार्य झाकले जाते. विल्यम लायन मॅकेन्झी यांचे नाव घेताच कॅनडातील वाचकास १८३७ चा उठाव आठवतो. या लेखात मात्र आपण त्याआधीच्या एका वर्षाकडे विशेष लक्ष देणार आहोत.

मॅकेन्झी यांचा जन्म १२ मार्च १७९५ रोजी स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. १८२० मध्ये ते अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ओंटारियोत, आले. ही ब्रिटिश वसाहत होती. तेथील नेमणुका, जमिनी व अधिकार एका लहानशा प्रतिष्ठित वर्तुळाच्या हाती एकवटले होते. या वर्तुळाला 'फॅमिली कॉम्पॅक्ट' म्हणत. १८२४ मध्ये मॅकेन्झी यांनी 'कलोनियल ॲडव्होकेट' हे वृत्तपत्र काढून त्यावर कठोर टीका आरंभली. १८२६ मध्ये त्या वर्तुळातील तरुणांनी यॉर्क येथील त्यांच्या छापखान्याची मोडतोड केली आणि खिळे सरोवरात फेकले. न्यायालयाने मॅकेन्झी यांना ६२५ पौंडांची भरपाई दिली व त्यामुळे बुडू पाहणारे वृत्तपत्र तगले.

१८२८ मध्ये ते वसाहतीच्या विधानसभेवर निवडून आले. सभागृहाने त्यांना वारंवार बडतर्फ केले आणि मतदारांनी पुन्हा पाठविले. जानेवारी १८३२ च्या पोटनिवडणुकीत त्यांना ११९ मते पडली, तर प्रतिस्पर्ध्यास केवळ एक.

आता १८३४ कडे वळू. ६ मार्च रोजी यॉर्क गावाला 'टोरांटो' या नावाने शहराचा दर्जा मिळाला. पाच प्रभागांतून वीस सदस्यांची नगरपरिषद निवडावयाची होती. मतदानाला मालमत्तेची अट होती आणि मत सर्वांसमक्ष उघडपणे द्यावे लागे. महापौर थेट जनतेकडून निवडला जात नसे. परिषदेचे सदस्य आपल्यातून त्याची निवड करीत. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत नगरसेवक महापौर निवडतात, हे आठविल्यास ही पद्धत आपल्या सहज ध्यानी येईल. सुधारणावाद्यांना बहुमत मिळाले आणि सेंट डेव्हिड प्रभागातून निवडून आलेले मॅकेन्झी ३ एप्रिल रोजी महापौर झाले.

येथून त्यांच्या चरित्रातील अवघड भाग सुरू होतो. आजवर ते सत्तेवर टीका करीत होते. आता चिखलाने भरलेले रस्ते, पादचाऱ्यांसाठी फळ्यांच्या वाटा आणि शहरावरील कर्ज ही त्यांचीच जबाबदारी होती. वाटा बांधावयाच्या तर कर वाढवावा लागे आणि करवाढ कोणास रुचत नाही. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. शहराची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास होती. अशा वस्तीत साथीचा घाव किती खोल असेल, याची कल्पना करा. निवडणुका दरवर्षी होत असल्याने या कामांची फळे दिसण्यास उसंतही नव्हती. जानेवारी १८३५ मध्ये सुधारणावाद्यांचा पराभव झाला आणि विरोधी पक्षाचे रॉबर्ट बाल्डविन सलिव्हन महापौर झाले.

१८३६ मध्ये मॅकेन्झी यांची विधानसभेतील जागाही गेली. डिसेंबर १८३७ मध्ये त्यांनी सशस्त्र उठावाचे नेतृत्व केले. ज्या शहराचे ते महापौर होते, त्याच शहरावर ते अनुयायांसह चालून गेले. उठाव काही दिवसांतच मोडला. ते अमेरिकेत निसटले, परंतु सॅम्युअल लाऊंट व पीटर मॅथ्यूज या दोन सहकाऱ्यांना १८३८ मध्ये फाशी झाली. अमेरिकेतही मॅकेन्झी यांना तुरुंगवास घडला. १८४९ च्या माफीनंतर ते परतले, १८५१ मध्ये पुन्हा विधिमंडळात निवडून आले आणि २८ ऑगस्ट १८६१ रोजी टोरांटोतच निधन पावले. त्यांच्या कन्येचा मुलगा विल्यम लायन मॅकेन्झी किंग पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला.

मित्रहो, नगरपरिषदेतील पराभव मॅकेन्झी यांनी शांतपणे स्वीकारला होता. मतपेटीपलीकडचा मार्ग त्यांनी नंतर धरला आणि त्याची सर्वांत जबर किंमत इतरांनी मोजली. म्हणून चरित्रकाराने दोन्ही वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. आपण हे चरित्र लिहिणार असाल, तर मध्यभागी कोणते वर्ष ठेवाल आणि का, याचा विचार करून आपले उत्तर दहा ओळींत लिहा.