विश्लेषण : चाकावरचा ओरखडा घरी बुजवता येतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य काय सांगते?

मंडणगडच्या घाटवाटांवर जांभ्या दगडाला घासून गाडीच्या अलॉय चाकावर ओरखडा उठतो. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, फाटतो. बाणकोट-वेळासच्या खाऱ्या हवेत तो तसाच राहिला, की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट गंज धरतो आणि थराखाली पसरत जातो. अशा वेळी अनेकांचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आयुष्य मात्र रंगाचा रस्ता बंद झाल्यावर घडले, आणि तेही चाकांपासून.

चित्रकला का सुटली?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नव्हता. रंगकाम सोडावे लागले. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि त्याच बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

चाकांशी संबंध कसा आला?

सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. आज तिथे किर्लोस्कर रोड आहे.

पुढे काय झाले?

दुकानातून कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती; त्यामुळे सुरुवातीचे नांगर पडून राहिले. त्यातच नव्या वसाहतीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली. १९१० मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेला माळ आणि भांडवलासाठी कर्ज दिले. राजे स्वतः चित्रकार होते. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले.

हे चाकाला कसे लागू पडते?

रंगावर भरवसा नसलेल्या माणसाला आकार, माप आणि पृष्ठभाग यांवरच विसंबावे लागले. ओरखड्याचेही तसेच आहे. रंग शेवटी येतो.

* आधी चाक साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. तडा गेला असेल किंवा कड वाकली असेल, तर घरी हात लावू नये, वर्कशॉप गाठावे.
* टायर मास्किंग टेप आणि कागदाने झाकावा.
* ओरखड्याची धार ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावी. बोट फिरवून पाहावे. नखाला अडकते तिथे धातूची पुट्टी भरावी, वाळू द्यावी, मग ८०० नंबरने सपाट करावी.
* धूळ आणि तेलकटपणा पुसून प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअरकोट यांचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर डब्यावर दिलेला वेळ थांबावे.
* फवारा मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच मारावा.

पावसाळ्यात करावे का?

शक्यतो नाही. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि क्लिअरकोट दुधाळ होतो. कोकणात या कामासाठी कोरडे दिवस निवडावेत. ओरखडा जुलैत पडला, तर तोवर चाक धुऊन-पुसून कोरडे ठेवावे. घाईने चढवलेला चकचकीत थर आतला गंज झाकतो, थांबवत नाही.