पठ्ठे बापूराव आणि नाकारलेला पैसा

कर्जत-खालापूरकडच्या जत्रांत कनातीपलीकडून ढोलकीची थाप आली की बायकामुलांना घेऊन आलेली मंडळी घाईघाईने पाळण्यांकडे वळत. बँकेतली माझी बरीच वर्षे त्या भागात गेली. तमाशा चोरून पाहणारे सहकारी पुष्कळ होते, उघडपणे पाहणारा एकही आठवत नाही. मग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक कुलकर्णी स्वतःच फडात उभा राहिला तेव्हा केवढा गहजब झाला असेल!

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. घर-वतन मागे टाकून ते तमाशात गेले आणि जातीला कायमचे मुकले. मात्र तमाशा त्यांनी जन्माला घातला नव्हता. महार-मांग कलावंतांनी तो आधीच उभा केला होता. उमाबाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा वग १८६५ चा, म्हणजे बापूरावांच्या जन्माआधीचा. गणात गणपतीला नमन, गवळणीत कृष्णाने मावशीची वाट अडवायची, बतावणीत सोंगाड्याने बड्यांची टर उडवायची, मग लावणी आणि रात्र सरेपर्यंत वग. साथीला ढोलकी, तुणतुणे, झांज. या आयत्या घरात बापूरावांनी आपले शब्द आणले, आणि काय शब्द आणले! त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असे सांगतात. आकडे तपासण्यात जन्म गेल्यामुळे मी इथे अडखळतो. पन्नास वर्षे रोज अकरा लावण्या होतात हो! निम्म्याच्या निम्म्या धरल्या तरी माणूस अफाटच.

पण गर्दी लोटे ती पवळेसाठी. संगमनेरजवळच्या हिवरगावची ही महार समाजातली मुलगी. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या जोडीला डोक्यावर घेतले. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी, हे नुसते पाहायलाही लोक येत असणार.

१९२७ साली, आमचा रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई तेव्हा, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या कार्यासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. डॉ. आंबेडकरांनी ते घेतले नाही. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्याच समाजाच्या मानाच्या लढ्याला त्यांना नको होता. बापूरावांची भावना खरी होती, याबद्दल मला शंका नाही. जातीपायी त्यांनी थोडे सोसले नव्हते. तरी बाबासाहेबांचा नकार मला पटतो. बापूराव आपण होऊन फडात आले होते. पवळेच्या समाजातल्या कितीजणींना दुसरी वाट होती?

पुढे दोघांचे बिनसले. पवळा १९३९ साली गेली. बापूराव पुण्यात हलाखीत दिवस काढत २२ डिसेंबर १९४५ रोजी वारले. पाचच वर्षांनी त्यांच्यावर चित्रपट निघाला. नाव अर्थात ‘पठ्ठे बापूराव’.