आचार्य एडमंड हुसर्ल

ज्ञातीतील विद्यार्थिवर्गास थोरांच्या चरित्रांचा परिचय व्हावा, या हेतूने जर्मन तत्त्ववेत्ते एडमंड हुसर्ल यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

हुसर्ल यांचा जन्म ८ एप्रिल १८५९ रोजी, तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील प्रोसनित्झ या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचा मूळ विषय गणित. पुढे व्हिएन्ना येथे फ्रांत्स ब्रेंटानो यांची व्याख्याने ऐकून ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १८८६ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हाले येथे चौदा वर्षे त्यांनी कनिष्ठ पदावर अध्यापन केले. १९००-०१ मध्ये त्यांचा पहिला महाग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्यानंतर ग्यॉटिंगेन व १९१६ पासून फ्रायबुर्ग येथे ते प्राध्यापक होते. त्याच वर्षी त्यांचा धाकटा पुत्र जर्मनीसाठी लढताना व्हेर्डूनच्या रणभूमीवर कामी आला.

त्यांच्या शास्त्राचे नाव फिनॉमिनॉलॉजी. म्हणजे वस्तू अनुभवास जशी प्रतीत होते तशी तिची मीमांसा. रस्त्यावरून घर पाहिले असता दृष्टीस केवळ दर्शनी भिंत पडते. तरीही आपणांस संपूर्ण घर पाहिल्याची प्रतीती येते. ती कशी घडते? ऐकीव मते बाजूस सारून प्रथम आपला अनुभवच नीट पाहावा, अशी त्यांची शिकवण होती.

१९२८ मध्ये ते निवृत्त झाले. १९३३ मध्ये नाझी राजवट आली आणि या वृद्ध आचार्यांचा धर्म, विद्वत्ता व पुत्राचे बलिदान यांपैकी काहीही विचारात न घेता, केवळ जन्म पाहून त्यांस विद्यापीठाने दूर केले. जर्मनीत मार्ग खुंटल्यामुळे त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचा आरंभीचा भाग १९३६ मध्ये बेलग्रेड येथे छापावा लागला. तथापि लेखणी थांबली नाही. २७ एप्रिल १९३८ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा लघुलिपीत लिहिलेली सुमारे ४०,००० पृष्ठे मागे उरली होती. हर्मन व्हॅन ब्रेडा या तरुण बेल्जियन धर्मगुरूंनी ती मोठ्या धैर्याने लूव्हेन येथे सुरक्षित नेली. १९५० पासून ती ग्रंथमालेच्या रूपाने प्रकाशात येऊ लागली.

आम्हीही जन्माच्या नात्यानेच येथे एकत्र आलो आहोत. ते नाते गरजू मुलांच्या शिक्षणास आधार देण्यास उपयोगी पडावे. कोणास दाराबाहेर ठेवण्यास नव्हे, एवढाच बोध आम्हांस या चरित्रातून घ्यावासा वाटतो.