पक्ष्यांचे डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. आईवडील लहानपणीच वारले, मंग मामांनी त्यांना वाढवले. मामा शिकारी होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली.

सलीम माझ्याएवढे म्हंजे दहा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती ते मामांनाही सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाचे इंग्रज साहेब होते. त्यांनी पोराला हाकलले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेले पुष्कळ पक्षी दाखवले. मला वाटते, साहेबांना त्या दिवशी वेळ नसता तर आज हा लेख मी लिहिलाच नसता.

पुढे ते ब्रह्मदेशात धंद्यासाठी गेले, जर्मनीत पक्ष्यांचे शिकून आले. १९३० साली परत आले तर नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथे सुगरण पक्षी पाहत बसले. नर घरटी बांधतो, मादी पाहून पसंत करते, हे त्यांनी नीट लिहून ठेवले. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला अशी घरटी आहेत, पण इतका वेळ कोण पाहतो? नंतर त्यांनी संस्थानांतले पक्षी मोजायचे काम पगार न घेता केले. फक्त खर्च मागितला.

आता भरतपूरचे सांगतो. ते राजस्थानात आहे. तिथल्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात दूर सैबेरियातून बदके येतात. राजाचे पाहुणे तिथे शिकार करत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉयच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. मी हिशोब केला, त्या दिवशी सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर लोकांना तिथे पाणी काढून शेती करायची होती. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते पाणी वाचवले. तिथे त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घातली. तशी काही बदके रशियात सापडली, म्हणून त्यांची वाट कळली.

एक गोष्ट मात्र वेगळी झाली. तिथे म्हशी चारू नयेत असे त्यांचे मत होते. १९८२ साली चराई बंद झाली. गावकरी चिडले, गोळीबार होऊन माणसे मेली. आणि म्हशी गेल्यावर गवत इतके माजले की पाणी झाकून गेले, बदकांना जागा उरेना. हे त्यांच्याच सोसायटीच्या लोकांनी दहा वर्षे अभ्यास करून सांगतले. आमच्या घरी म्हैस आहे, म्हणून मला हे फार आवडले. पण माणसे मेली ते वाईट झाले.

त्यांना मोठे परदेशी बक्षीस मिळाले, ते पैसे त्यांनी सोसायटीला दिले. १९७६ ला पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. शेवटचा दिवस त्यांच्या वाढदिवसाचा. त्या सप्ताहात गुरुजींनी आम्हाला हतनूर धरणावर नेले. तापी-पूर्णेचे पाणी तिथे अडले आहे. ४१ दरवाजे आहेत. गाळ साचून पाणी उथळ झाले आहे, त्यात पक्षी उतरतात. आम्ही काठावरचे प्लास्टिक आणि तुटक्या जाळ्या गोळा केल्या, चार पोती भरली. जाळीत बदकाचा पाय अडकतो. मंग मोजायला बसलो. माझ्या गटाला चक्रवाक ११ आणि चित्रबलाक ६ दिसले. बदके उडाली तेव्हा आकडा चुकला, परत मोजले.

एक काळा पक्षी पंख पसरून खुंटावर बसलेला होता. मी पाणकावळा लिहिले, माझा मित्र दुसरेच म्हणतो. त्याचे चित्र खाली चिकटवले आहे. पालकांपैकी कोणी ओळखत असेल तर बाजूच्या कोऱ्या कागदावर लिहावे.

इयत्ता चौथी